सव्विसावा छकडा

देवराम सुताराने उभ्या आयुष्यात शर्यतीचे सव्वीस छकडे बांधले. पंचवीसांवर तो स्वतः आधी बसला, सव्विसाव्यावर बसला नाही. त्या एका न बसण्याची ही हकिकत आहे. आधीच सांगून ठेवतो, हिच्यात हसण्यासारखं फार थोडं आहे.

धसईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी, कारवीच्या कुडाचा एक मांडव होता. तोच त्याचा कारखाना. नांगर, पाळणे, दारं-चौकटी असली कामं तिथे चालायची. बत्तीस सालच्या उन्हाळ्यात एकाने मोडकी बैलगाडी आणली आणि म्हणाला, हिचं काहीतरी हलकं करून दे, शर्यतीला पळवायचीय. देवरामाने गाडीच्या फळ्या काढल्या, बाजू काढल्या, चाकं नव्याने बारीक बांधली. मागे राहिलं काय, तर दोन चाकं, मधला आस, पुढची दांडी आणि हाकणाऱ्याला टेकायला एक फळकुट. दोन माणसांनी खांद्यावर उचलून न्यावा इतका हलका छकडा. तो पळाला आणि पहिला आला. मग काय विचारता! मुरबाडपासून शहापूरपर्यंत ज्याच्या गोठ्यात पळणारा बैल, तो देवरामाच्या दारात.

माणूस कामाला कडक. दांडीला धामणीचंच लाकूड हवं, चाकाच्या आऱ्यांना तिवसच हवा. लाकूड अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेलं आणि दोन उन्हाळे सावलीत सुकवलेलं. ते आणून द्यायचा वरच्या वाडीतला लखमा ठाकर. झाडाला हात लावून आतलं सांगणारा तो माणूस होता, आणि देवराम जगात कोणाचं ऐकत असेल तर त्याचं. दुसऱ्या सुतारांच्या चाकाला बारा आरे असायचे. देवराम दहावर आला, मग आठावर. लोक म्हणायचे, अरे, मारशील कुणाला तरी. त्यावर देवराम बोलायचा नाही, बसायचा.

हो, बसायचा. ती त्याची रीत होती आणि पंचक्रोशीत तिला ‘सुताराची बैठक’ म्हणत. छकडा तयार झाला की बैल जुंपायचे आणि कापलेल्या भातखाचरांतून, बांधांवरून आपटत, देवरामाने स्वतः तीन फेऱ्या मारायच्या. आधी सुताराची हाडं, मग गिऱ्हाइकाची. त्याची बायको बांधावर आरतीचं ताट घेऊन उभी राहायची आणि राही, त्याची एकुलती एक मुलगी, बापाच्या पुढ्यात बसून किंचाळायची. बायको तापाने गेली. मग ताट राहीच्या हातात आलं. ती लग्न होऊन खर्डीकडे गेली तरी बैठकीला यायची, इतकी ती रीत घरात मुरली होती.

जावई होता नामा. सुताराच्या पोटी जन्मलेला, पण रंधा धरला तर बोट सोलून घेणारा. त्याचा सगळा जीव बैलांत. खर्डीच्या जयराम पाटलाची जोडी तो हाकायचा, आणि तो हाकायला बसला की बैलांना आसूड लागत नसे. देवराम त्याला तोंडावर ‘बैलोबा’ म्हणायचा आणि माघारी चार लोकांत त्याचं कौतुक करताना थकायचा नाही. मुलगा नव्हता ना त्याला. ती जागा नामाने कधी घेतली ते देवरामालाही कळलं नव्हतं.

बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर जयराम पाटलाचा निरोप आला. म्हसा गावची जत्रा झाली की दोन दिवसांनी तिथल्या माळावर शर्यत आहे, जुना छकडा खिळखिळा झालाय, नवा पाहिजे. लढाईचे दिवस होते. ठेकेदारांची माणसं रानातलं उभं-आडवं लाकूड लॉऱ्यांत भरून नेत होती, लखमाला कुऱ्हाड घेऊन फिरायची चोरी झाली होती. देवरामाने मांडवाच्या माळ्यावरचं सगळा सुका तिवस खाली काढला. दोन चाकांना आरे लागतात सोळा. निघाले पंधरा.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? नाही म्हणतो. देवरामाला नाही म्हणता आलं नाही. दहा वर्षांत त्याच्या दारातून कोणी रिकामा गेला नव्हता, आणि छकडा जावयाखालचा.

लखमाने कुठूनतरी एक तुकडा आणला तो ओला होता. देवरामाने तासायला घेतला तर बुडाजवळ गाठ लागली, आणि तासता तासता ती गाठ सुटून बाहेर पडली. आऱ्याच्या अंगात अंगठा जाईल एवढं भोक राहिलं.

लखमा उकिडवा बसून बघत होता. म्हणाला, “देवरामा, ह्यो आरा लाव नको.”

“तात्पुरता लावतो रे. सुका मिळाला की बदलीन.”

“बदलशील?” लखमा एवढंच म्हणाला आणि त्याच्याकडे बघत राहिला.

बघणारच. आरा बदलणं म्हणजे काय खुंटी बदलणं आहे? चाकावरची लोखंडी धाव उतरवायची, घेराच्या लाकडी पाट्या सोडवायच्या, सगळं चाक नव्याने बांधायचं. हे लखमाला ठाऊक आणि देवरामाला तर त्याहून ठाऊक. तरी त्याने भोकात मेण आणि लाकडाचा भुसा कालवून दाबून भरला, घासून गुळगुळीत केला, आणि सगळ्या छकड्याला तेलात कालवलेल्या गेरूचे दोन हात दिले. लाल गेरूखाली सोळाही आरे सारखे दिसू लागले. लखमा चहा न घेता उठून गेला. पुन्हा तो मांडवात आला नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी नामा आणि राही छकडा न्यायला आले. राहीने सवयीने ताट लावलं. नामाने बैल जुंपले, कासरा सासऱ्यापुढे धरला. “चला मामा. बैठक करा.”

देवरामाने कासऱ्याकडे पाहिलं.

“माझी कंबर धरलीय,” तो म्हणाला. “तूच मार फेऱ्या.”

राही ताट घेऊन तशीच उभी राहिली. “कंबर? तुमची? कदी नाय ती?”

“म्हातारा झालो गो.”

नामा हसला. “मामा म्हातारे झाले, मग आमी काय करायचं!” तो उडी मारून बसला आणि तीन फेऱ्या मारून आला. चाकाने हूं की चूं केलं नाही. देवराम बांधावर मुठी आवळून उभा होता. छकडा थांबला तसा तो त्या आऱ्यावरून हात फिरवायला गेला, तो नामानेच त्याचे पाय धरले. “काय बांधलाय मामा! पाण्यावरून गेल्यागत गेला.”

तेव्हा सांगायचं. अरे बाबा, तेव्हा तरी सांगायचं! पण पाया पडलेल्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवून, तुझ्या गाडीत मेण आहे, असं कसं म्हणायचं?

शर्यतीच्या सकाळी मात्र त्याला राहवेना. अंधुक उजेडातच तो पायी निघाला. वाटभर एकच वाक्य तो मनात घोकत होता, नामा, आज जुनाच छकडा जुंप. माळावर पोचला तर ही गर्दी. लोक झाडांवर चढलेले, ढोल, धुरळा, बैलांच्या शिंगांना गुलाल. जयराम पाटलाने त्याला दुरूनच हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “हे बघा, हे देवराम सुतार. ह्यांच्या छकड्यावर डोळे मिटून बसायचं. आधी स्वतः बसल्याबिगर गाडी देत नायत!”

लोकांनी माना वळवून देवरामाकडे पाहिलं. नामाही पाहत होता. ही गाडी सासऱ्याने पारखलेली नाही, हे तिथे जमलेल्यांत त्याला आणि राहीलाच ठाऊक होतं, आणि तो गालात हसत होता. सासऱ्याचं गुपित त्याने झाकलं होतं. देवराम तोंड उघडून उभा राहिला आणि वाक्य घशातच राहिलं.

छकडा सुटला, पहिला आला आणि काही मोडलं नाही. लोकांनी देवरामाला उचलून घेतलं, पाटलाने स्वतःचं पागोटं काढून त्याच्या डोक्यावर ठेवलं. खाली उतरल्या उतरल्या तो चाकापाशी गेला. गेरूवर नखाएवढीसुद्धा भेग नव्हती. धरलं, तो मनात म्हणाला, धरलं बाबा. घरी गेल्यावर बदलू. आता सांगून काय मिळवायचं?

दुपार कलली तशी मंडळी परतीला लागली. नामा छकड्यावर, त्याच्या मागे राही, आणि मिरवत निघालेले पाटलाचे दोन गडी दोन्ही बाजूंना लोंबकळलेले. “मामा, या, बसा,” नामाने हात पुढे केला. “आता कंबरेचं निमित्त नाय चालायचं.”

“मी चालत येतो,” देवराम म्हणाला. मग एकदम पुढे झाला, राहीचा दंड धरला आणि तिला खाली ओढलं. “तू चल माझ्यासंगती. एवढ्या माणसांत दाटी कशाला.”

राही कुरकुरत उतरली. नामाने बैलांना नुसती जीभ वाजवली.

“सावकाश जा रे,” देवराम मागून ओरडला.

“तुमचा छकडा काय सावकाश जायला हाय, मामा!” तो ओरडून म्हणाला, आणि गडी हसले. बापलेकीने त्याला पाहिलं ते शेवटचं, लाल चाकं वळणाआड जाताना.

ओढ्याच्या उतारावर ते त्यांना सापडले. गडी दोघे झुडपात फेकले गेलेले, खरचटलेले, बोंबलणारे. बैल दूर उभे होते. डावं चाक आडवं पडलं होतं आणि आस नामाच्या छातीवर. राही धावत गेली. देवराम चाकाकडे गेला. हे वाईट दिसतं, पण तसंच झालं, तो आधी चाकाकडे गेला. सात आरे मागाहून मोडलेले, लांब चिरफळ्या निघालेले. आठवा बुडापाशी सरळ तुटलेला, आणि तुटल्या जागी पिवळं मेण चकाकत होतं. राही किंचाळायच्या आत त्याने तो आरा धोतराच्या सोग्यात घातला.

गाव काय म्हणालं? दृष्ट लागली म्हणालं. एकट्याच्या छकड्यावर तिघे बसले, मोडणारच. तेराव्याला जयराम पाटील स्वतः आला, देवरामाच्या गळ्यात पडून रडला. “तुमचा काय दोष? शर्यतीत केसभर हलला नाय तो.” देवरामाला कोणी एक शब्द बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

राही माहेरी आली ती राहायलाच. महिना गेला. एका सकाळी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता, तिने विचारलं, “आबा, त्या गाडीवर तुमी बसलात नाय. का?”

देवराम उठला. मांडवात गेला, भुशाच्या ढिगातून तो आरा काढून आणला आणि तिच्या सुपाशेजारी ठेवला. तिने नखाने मेण टोकरलं, ते निघून आलं. तुटून अर्ध्या राहिलेल्या भोकात तिचा अंगठा बसला. सुताराची मुलगी ती, तिला समजावून सांगावं लागलं नाही.

ती म्हणाली, “मला हाताला धरून उतरवलंत. त्येंना का नाय उतरवलं?”

देवरामाने तोंड उघडलं. माळावर उघडलं होतं तसंच. शब्द तेव्हाही आला नव्हता, आताही आला नाही. तो म्हातारा भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि हमसून हमसून रडला, आणि राहीने त्याला रडू दिलं.

मग तिने तो आरा उचलला आणि तो जेवायला बसायचा त्या जागेसमोरच्या खुंटीला सुतळीने टांगला. चूल फुंकली, भात केला, ताट वाढलं. “जेवा,” म्हणाली.

पुढे पाच वर्षं देवराम जगला. छकडा मागायला लोक येतच राहिले. “कंबर धरलीय,” तो सांगायचा, आणि ते परत जायचे. राही त्याला जन्मात कधी टाकून बोलली नाही, आजारपणात तिने त्याचं लहान मुलासारखं केलं. खुंटीवरचा आरा मात्र तिने काढला नाही, आणि काढ म्हणायची देवरामाचीही छाती झाली नाही.