अंगठ्यावरची रेघ

"सबर कर की, माय," पेंटरकाका हातातल्या स्प्रे-गनला म्हणत होते. पालमच्या बसस्टँडसमोर ते ट्रॅक्टरचे पत्रे रंगवतात. प्रत्येक रंग आधी स्वतःच्या अंगठ्याच्या नखावर उडवून बघतात. बसची वाट पाहताना मी त्यांना विचारायचे, गाड्या-विमानांची बोटाएवढी मॉडेल्स रंगवायला, बारीक फवारा मारणारा पहिला एअरब्रश कोणता घ्यावा? भावासाठी, असं सांगायचे.

"टाकीवालाच कंप्रेसर घ्या ताई, न्हाईतर हवा धापा टाकती. नोझल बारीक बघा."

काल त्यांनी बारीक गन माझ्याच हातात दिली. मी माझ्या नखावर केसासारखी रेघ ओढली. ते बराच वेळ बघत राहिले.

"भावाला दाखवा. लय खूश व्हईल."

घरी माझी मॉडेल्स कुणीच बघत नाही.

"भाऊ नाही मला," मी म्हणाले. "मीच रंगवते."