नऊचा आकडा

रुग्णालयात सगळे त्याला मोजणीदार म्हणत. केसाएवढी काचेची तार रोग्याच्या कातडीवर टेकवायची. तिच्यातून लेसरचा लाल उजेड आत जातो, वाहत्या रक्तावर आपटून किंचित बदलतो आणि परत येतो. त्या बदलावरून यंत्र रक्ताचा वेग आकड्यात सांगतं, आणि रक्त वाहतंय तोवर सुस्कारत राहतं. एकवीस वर्षं त्याचं हेच काम. नवशिक्यांकडून तो एकच नियम घोकून घ्यायचा: तार पट्टीने चिकटवा आणि हात काढून घ्या. "तार हलली तरी यंत्राला ते रक्तच वाटतं. हुशार आहे, पण शहाणं नाही."

मग त्याची ताई दाखल झाली. आईमागे तिनेच त्याला वाढवलेलं. मधुमेहाने तिचं डावं पाऊल काळंनिळं पडलं होतं. आकडा पाचाच्या खाली आला तर पाऊल तातडीने कापायचं, नाहीतर विष अंगभर पसरून तीच जाईल, असं सर्जनबाईंनी बजावलं.

त्या नाजूक कातडीवर पट्टी लावायला त्याचा जीव होईना. त्याने तार चिमटीतच धरून टेकवली. नऊ! तीन दिवस रोज नऊ. सर्जनबाईंना शंका होती, पण त्याचा आकडा आजवर कधी चुकला नव्हता, म्हणून त्या थांबल्या. पाऊल मात्र बर्फासारखं गार.

चौथ्या दिवशी भर दुपारी ताईला सणसणून ताप भरला. आकडा नऊच. त्याने तार टेबलाला टेकवली. नऊ. भिंतीला टेकवली, तर यंत्र तसंच सुस्कारत राहिलं, जणू भिंतीतून काही वाहत होतं. लोखंडी खाट, रिकामा पेला, सगळ्यांना नऊ.

शेवटी त्याने तार पेल्यावर चिकटवून हात काढला. आवाज थांबला. शून्य. त्याची चिमटी अजून बारीक थरथरत होती. मग पावलावर पट्टी लावली. दोन. तेवढं तर मेलेल्या मांसातही उरतं.

"ताई, चुकलो गं. तीन दिवस मी माझाच हात मोजत होतो."

ती ग्लानीत होती. तो सर्जनबाईंकडे धावला. ताई वाचली, पण पाय गुडघ्यापासून गेला.

आठवड्याने तो जखमेची मोजणी करायला गेला. अपराधी मनाने त्याने पट्टी लावली, हात काढला. आकडा चांगला होता. ताईने चादरीवरच्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं.

"आता इथे टेकव. माझ्या पावलात अजून कुणीतरी चालतंय रे."

"ताई, तिथे काही नाही."

"तू टेकव तर. हातानेच धर, तेव्हा धरलीस तशी."

त्याने तार चिमटीत धरली आणि चादरीला टेकवली. यंत्र सुस्कारलं.

"किती?" तिने विचारलं.

"नऊ," तो म्हणाला, आणि त्याला हात काढवेना.