दोन वाड्यांमधली खिंड

पेणहून सकाळची रोहा गाडी धरली तेव्हा वैशालीच्या मांडीवर नकाशा होता आणि माझ्या हातात डबा. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवतो. आमचा सहाजणींचा बेत होता: चार दिवस डोंगरातून चालायचं, तंबू न नेता रोज एखाद्या वाडीत कुणाच्या तरी घरी मुक्काम करायचा आणि शेवटी रोह्याला उतरायचं. बाकी सगळं जुळलं होतं. शेवटच्या दोन वाड्यांमधली वाट शिल्लक आहे की नाही, हे मात्र कुणीच खात्रीनं सांगेना. ती पाहायलाच आम्ही दोघी पुढे निघालो होतो.

रोह्याहून रिक्षानं पायथा गाठला. तिथून तासाभराचा चढ. पहिली वाडी वीसेक घरांची, कुडाच्या भिंतींची (कारवीच्या काठ्या, वर शेणामातीचं लिंपण). हिराबाईंशी मुक्कामाबद्दल फोनवर बोलणं झालं होतं. साठी ओलांडलेल्या, काटक बाई. त्यांनी तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. खाता खाता मी वाटेचा विषय काढला.

"वाट व्हती," त्या म्हणाल्या. "आता कोन जातंय तिकडनं? समदी गाडीनं जातात."

"तुमचं कुणी आहे का तिकडे, मावशी?"

"भयीन हाय ना, यमुना. धाकटी." त्यांनी भाकरी परतली. "गाडीनं जायाचं तं खाली उतरा, रोह्याला यष्टी बदला, मंग परत डोंगर चढा. दोन वर्सं झाली, भेट नाय. खिंडीतनं गेलं तर दोन तास."

आम्ही नुसती वाट विचारायला आलो होतो. त्यांनी चुलीतली लाकडं मागे ओढली आणि भिंतीवरचा कोयता काढला. "चला. मी पन बगते."

खिंडीपर्यंत हिराबाई भराभर चालल्या. वर पोचल्यावर एका बाजूला कुंडलिका नदी दिसली आणि दुसऱ्या बाजूला, फार लांब, धरमतरकडच्या खाडीची चकाकी. पण उतार सुरू झाला आणि वाट संपलीच. कधीतरी दरड कोसळली होती. पुढे सगळे दगड आणि त्यांत माजलेली कारवी. फोनवरच्या नकाशात रेघ सरळ त्या दगडांवरून जात होती. वैशाली दोन पावलं पुढे गेली, घसरली आणि तिचं कोपर सोलवटलं.

हिराबाई खाली बसल्या. "हितं आंब्याचं झाड व्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वळखू येत नाय गो."

परत फिरावं, असं माझ्या मनात आलं. तेवढ्यात खालून लाकूड तोडल्याचा आवाज आला. हिराबाईंनी उठून हाक घातली. थोड्या वेळानं एका बाईचं उत्तर आलं, "कोन हाय गो?"

"वरल्या वाडीची हिरा! वाट कुटं हाय?"

"दगडावर नको येऊ! उजव्या हातानं ये, ओढ्याओढ्यानं!"

ती बाई दिसत नव्हती. ती सांगत गेली, आम्ही उतरत गेलो. हिराबाई पुढे कोयत्यानं कारवी तोडत होत्या, मी मागून खुणेसाठी फांद्यांना रिबिनी बांधत होते. दोन तासांचे चार झाले.

यमुनाबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. बहिणीला पाहून त्या उठल्याच नाहीत, नुसत्या बघत राहिल्या. मग एकदम ओरडल्या, "पायानं आलीस? या वयात? पडली असतीस म्हंजे!" आणि रडायलाच लागल्या. हिराबाई शेजारी बसल्या आणि सुपातल्या शेंगा सोलू लागल्या.

रात्री तिथंच राहून सकाळी आम्ही निघालो, तेव्हा हिराबाई दारातच उभ्या राहिल्या. "माझ्या सुनंला फोन लावा. म्हनावं, चार दिस ऱ्हाते."

परतीच्या गाडीत बेत पक्का केला. वाट आहे, ओढ्याला पाणी आहे, दोन्ही घरं मुक्कामाला तयार आहेत. इतकी वर्षं पेणहून हे डोंगर बघतोय, पण त्यांच्या दोन बाजूंना राहणाऱ्या माणसांचं एकमेकांशी काय नातं असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं. तिसऱ्या दिवसापुढे मी फक्त 'खिंड' लिहिलं.

"दिवसभरात एवढंच?" वैशालीनं विचारलं. "बाकीच्या म्हणतील, फारच कमी चालणं आहे."

"चालणं कमीच आहे," मी म्हटलं. "पण हिराबाई बरोबर येणार. यमुनाबाईंच्या अंगणातून लवकर उठता येणार नाही."