जिन्याच्या दिव्यावर लावलेली मिशी

भगीरथ वायरमन कुठं राहतो असं विचारलं तर सापगावात चार माणसं डोकं खाजवतील. मिशीवाला म्हणा, कुत्रंसुद्धा खर्डीकडं तोंड करून दाखवील. राहायला तो खर्डीजवळच्या पाड्यात, कामाला पार मुरबाडपर्यंत. लोकांच्या फोनमध्ये त्याचा नंबर 'मिशी लाईटवाले' अशाच नावानं. जीपवाला त्याला पुढच्या सीटवर बसवतो. म्हणतो, पुढं मिशी दिसली की पोलीसपण हात करत नाय.

मिशी होतीच तशी. खोबरेल पाजलेली, दोन्ही टोकं वर. शिडीवर चढला की आधी मिशी पिळायची, मग टेस्टर काढायचा. बायको जना म्हणायची, "लग्नात मांडवात आधी मिशी आली, मागनं नवरा आला."

हात कामाला चोख. जीभ मात्र हाताच्या कायम एक पाऊल पुढं.

कमळबायचं सापगावातलं नवं स्लॅबचं घर त्यानंच फिटिंग केलं. जिना घराच्या आतून, आणि जिन्याच्या वळणावर एक दिवा, त्याला दोन बटणं: एक खाली, एक वर. त्या आळीत असला दिवा कुणाकडं नव्हता. घरभरणीच्या दिवशी भगीरथनं गारुड्यासारखा खेळ मांडला. खाली दाबलं, लागला. वर जाऊन दाबलं, विझला. बायांनी रांग लावली. पूजेला आलेल्या भटजींनी तीर्थ देता देता हळूच एकदा दाबून घेतलं.

"चालंल ना रे नीट?" कमळबायनं विचारलं.

भगीरथनं मिशी पिळली. "बाय, माझ्या वायरिंगपायी हा दिवा एकदा जरी चुकला ना, तर तुमच्या ओट्यावर बसून ही उतरवीन."

सगळ्या मांडवानं ऐकलं. इथंच घात झाला.

आठवडा गेला नसेल, फोन आला. "भगीरथा, तुझा दिवा आपला आपन लागतो रे! आमी मळ्यातनं आलो, दाराला कडी, आन् जिन्यात उजेड. जनू आत पाव्हना बसलाय."

भगीरथ आला. मेन पाडला, दोन्ही बोर्ड उघडले, एकेक वायर ओढून बघितली, स्क्रू आवळले. मेन चढवून टेस्टर लावला. खालून लावला, वरून विझवला; वरून लावला, खालून विझवला. दिवा गाईसारखा गरीब. भगीरथ घरी गेला आणि दिवा पुन्हा लागला. तो परत आला, दोन्ही बटणं नवी टाकली. तरी तेच. आता शहापूरच्या स्टँडवर चहावाला विचारायला लागला, "काय मिशी, वस्तऱ्याला धार लावून ठेवू काय?" घरी जना वेगळ्याच काळजीत. "मिशी गेली तर तुला काम कोन देल? मीच दार उघडनार नाय."

तिसऱ्या खेपेला भगीरथनं पिशवी उघडलीच नाही. ओट्यावर बसला, कोरा चहा घेतला.

"बाय, त्या बटनांना हात कोन लावतं?"

"हेतल रातची झोपायला वर जाते, ती लावते-विझवते. बाकी कोन नाय. मी तर बोटपन लावत नाय."

हेतल म्हणजे सून. ती दिवसभर शहापूरला नोकरीवर. कमळबायचा नवरा महादू कोपऱ्यातनं बोलला, "माझा हात बिडीबिगर कशालाच लागत नाय."

"मग आज मी बसतो. तुमी तुमचं काम करा, मी नाय असं समजा."

ऊन कलायच्या आधी कमळबाय भेंडी तोडायला निघाली. डोक्याला फडकं गुंडाळलं, टोपली घेतली, आणि दाराकडं जाता जाता भिंतीवरच्या बोर्डावरून तिचा हात खालून वर असा फिरला, कणसावरनं दाणे सोलावेत तसा. पंखा, बल्ब, टीव्ही, जिन्याचं खालचं, सगळी बटणं वर. जुन्या घराची ही रीत. तिथं लाईट जायची ती कधी यायची भरवसा नसे. मागं रिकाम्या घरात पंखा फिरतोय, असं नको म्हणून कडी घालण्याआधी सगळी बटणं वर. खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद, एवढंच शास्त्र. तिची पाठ वळली आणि जिन्याच्या वळणावर दिवा लागला. खिडकीतल्या उन्हात कुणाला दिसणार?

"थांबा!" भगीरथ ओरडला. "हात! बाय, हात!"

कमळबायनं टोपली सोडली. "काय, इंचू?"

"बटनाला हात लावला तुमी!"

"हात कुठं लावला? मी तर बंद केलं."

भगीरथनं तिला जिन्यापाशी नेलं. "ही दोन बटनं मनजे दोन जावा. दोघींची तोंडं एका अंगाला झाली की दिवा लागतो. एकीनं तोंड फिरवलं की विझतो. ह्यांच्यात वर मनजे बंद असं नसतंच. वरची आधीच वर होती, सकाळी माडी झाडून उतरताना तुमीच केली असंल. आता खालचीपन वर केलीत. झालं दोघींचं एकमत."

"ह्या घरात पयल्यांदाच," महादू म्हणाला.

भगीरथनं खालचं बटण खाली करून दिवा विझवला आणि मिशीला असा पीळ दिला की टोकं डोळ्यात जातील. वायरिंग निर्दोष! मिशी वाचली!

"बरं बाबा, आजपासून त्या बटनाला हात नाय," कमळबाय म्हणाली आणि निघाली. विळा विसरला म्हणून परत आत आली, विळा घेतला, जाता जाता हात बोर्डावरून सर्रकन वर. दिवा लागला. तिनं जीभ चावली, बटण खाली केलं, पदरात हात गुंडाळून दारापर्यंत गेली. तिथून परत वळली, आणि पदरासकट हात बोर्डावरून वर.

महादू हसून हसून खोकायला लागला. कमळबायपण हसली, मग पदरातनं हात सोडवला. "हात ऐकत नाय रे, भगीरथा. सून काय मनंल? सासूला घरातलं बटन कळत नाय. आता मी तिला इचारून घरात वावरू काय?"

भगीरथला उपाय ठाऊक होता. खालच्या बटणाच्या दोन कडेच्या वायरी एकमेकींच्या जागी टाकायच्या. मग दोन्ही बटणं वर असली की दिवा बंद. कमळबायच्या शास्त्रात बसेल असं. त्याचा एक हात पकडीकडं गेला, दुसरा मिशीकडं. महादूकडं त्यानं चोरून बघितलं. मग मेन पाडला.

काम पानाला चुना लावण्याएवढं. मेन चढवला. कमळबायनं जाता जाता बोर्डावरून हात फिरवला, महादूनं डोकावून बघितलं. जिना काळोखात शहाण्यासारखा उभा.

"जमलं गो बाय!" भगीरथ म्हणाला.

महादूनं बिडी विझवली. "भगीरथा, तुझं वायरिंग बरोबर होतं ना?"

"एकदम."

"मग बदललंस काय?"

भगीरथनं पकड पाठीमागं नेली. "दादा, ती चूक नव्हती. सोय केली."

"चूक नव्हती तर हात कशाला लावलास?" कमळबाय कंबरेवर हात ठेवून उभी. "मी हात लावला तर चूक माझी. तू लावलास तर सोय होय रे?"

तोवर आळीतली माणसं ओट्याशी जमली. महादू आत जाऊन दाढीचं सामान घेऊन आला, आरसासुद्धा. तेव्हा कमळबायच कचरली. "राहू दे रे, मस्करी केली. तुझी ती रोजीरोटी हाय."

"नाय बाय." भगीरथ ओट्यावर मांडी घालून बसला. "बोललो तेव्हा मांडव भरला होता."

उतरली. ओठ बघून एक पोर रडायला लागलं. कमळबायनं स्वतः खोबरेल आणून दिलं, तांदळाची भाकर आणि सुकट वाढली, आणि जेवताना त्याच्याकडं बघायचं टाळलं. जनानं दार उघडलं, पण "कोन पायजे?" असं विचारूनच.

दुसऱ्या दिवशी जीपवाल्यानं त्याला मागं, कोंबड्यांच्या पाटीशेजारी बसवलं. मुरबाडला जिच्या घरी काम होतं ती म्हातारी दारातच आडवी आली. "तू कोन? आमी मिशीवाल्याला बोलावलाय."

"तो सुट्टीवर हाय. मी त्याचा भाऊ."

"तरीच. कामाला त्याच्याएवढा हायस काय?"

"आजी, आधी एक सांगा." पिशवी त्यानं खांद्यावरनं काढलीसुद्धा नाही. "घराभायेर पडताना बटनं वर करता काय?"

"करते की. का रे?"

भगीरथचा हात ऐटीत वर गेला, पीळ द्यायला. बोटं हवेतच फिरली.