बाणाचं टोक समुद्राकडे

खिडकीबाहेर न बघता, मोबाइलवरचं हवामान वाचून तुम्ही कधी कुणाला ‘जा’ किंवा ‘जाऊ नका’ असं सांगितलं आहे का? मी रोज सांगायचे. नारायण पेठेतल्या माझ्या खोलीची खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडते, वारा तिथे येत नाही. तरी सकाळी सहाला मी सिंधुदुर्गातल्या आमच्या गावचा वारा वाचून बाबांना फोन करायचे. बाबा आणि काका लहान होडीने मासेमारी करतात.

आमच्या घरी पुस्तकं नव्हती, मच्छीमारांच्या आंदोलनाची पत्रकं होती. मोठ्या ट्रॉलरांविरुद्धची, मासळीचा अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्धची. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, छापील बाजूवर वाचायला शिकले. त्यामुळे साधी गोष्टही मी ठळक टायपात सांगते.

“बाबा, आज बाहेर पडू नका.”

“पुण्याचो हुकूम इलो,” बाबा आईला सांगायचे. मग मला, “राती जेवलंस मां?”

आमचं बोलणं एवढंच. गावाची किती आठवण येते, हे ठळक टायपात सांगता येत नाही.

जानेवारीत एका सकाळी नकाशावरच्या बाणाचं टोक पश्चिमेला होतं. पश्चिमेला समुद्र. मी वाचलं, पश्चिमेचा वारा, म्हणजे समुद्रावरून जमिनीकडे येणारा. म्हटलं, “निर्धास्त जा. जोराचा वारा आहे, पण तो तुम्हाला घरी आणेल.”

बाबा म्हणाले, “माका तसा वाटना नाय. पण तू सांगतंस तर जातंय.”

नऊच्या सुमारास हिंजवडीच्या वाटेवर कंपनीची बस अडकली होती. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला पॅराग्लायडिंगचा नाद. ती माझ्या मोबाइलमध्ये डोकावली आणि म्हणाली, “बाप रे, समुद्राकडे केवढा वारा चाललाय.”

“समुद्राकडून,” मी म्हटलं.

“अगं, वारा जिकडे जातो तिकडे बाणाचं टोक. आणि तू आम्हाला विज्ञाननिष्ठेवर भाषणं देतेस.”

बाबांचा फोन लागेना. होडी किनाऱ्यापासून दूर ढकलणाऱ्या वाऱ्यात मी त्यांना स्वतः पाठवलं होतं. बस इंचभर हलत नव्हती. मी आईला सांगितलं, ती बंदरावर जाऊन बसली. चार वाजता तिचा फोन आला, “इले.” इंजिन दमलं, तेव्हा दोघांनी वल्ही मारली होती. बाबा मला म्हणाले, “वारो जरा जास्त होतो.” ते रागावले असते तर बरं झालं असतं.

मी फोन करणं सोडलं. कोणत्या तोंडाने करणार? रोज सहाला बाण बघायचे, आता बरोबर वाचायचे, आणि कुणालाच सांगायचे नाही. नदीच्या पुलावर संध्याकाळी तोंडावर हवा यायची, ती कुठून येते तेही मला सांगता येत नव्हतं. गावात डोळे मिटूनही कळायचं.

बाराव्या दिवशी आईचा फोन आला. “तुझो बापूस रोज सहाक फोन घेऊन पडवीत बसता. होडीक हात लावना नाय.”

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. “बाबा, मी बाण उलटा वाचला होता.”

“ठावक आसा माका. मी थयसरच होतंय.”

“तुम्हाला पटलं नव्हतं, मग गेलात कशाला?”

“तू सांगलंस म्हणान.”

मी विचारलं, “आज वारा कसा आहे?” त्यांना हे मी कधी विचारलंच नव्हतं. मग ते बोलायला लागले, माडांच्या शेंड्यांवरून, पाण्यावरच्या बारीक सुरकुत्यांवरून, खारट वासावरून. पहिल्यांदाच ते एवढं बोलले आणि मी ऐकलं.

तुमचं कुणी किनाऱ्यावर असेल तर उद्या सकाळी फोन करा. अंदाज जरूर सांगा, बाण नीट वाचून सांगा. पण आधी त्यांना त्यांचा वारा विचारा, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत मध्ये बोलू नका.