पट बत्तीस, हजर एकतीस

बाईंनी मला आजारी केलं तेव्हा मी मोरीवर बसून पापलेटं साफ करत होते.

पुढ्यात विळी. परातीत सहा पापलेटं. हात कोपरापर्यंत माखलेले. वर्गाची मागची खिडकी माझ्या डोक्यावर उघडी होती, म्हणून आतलं सगळं ऐकू येत होतं. तपासणीचे साहेब आले होते. त्यांनी पट विचारला. बाई म्हणाल्या, "पट बत्तीस, हजर एकतीस. एक आजारी आहे, साहेब."

ती एक म्हणजे मी. वय वर्षं सात, इयत्ता दुसरी. मला साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

मुंबई महाराष्ट्राची झाली त्याला दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही वेसाव्याचे कोळी. आई टोपली घेऊन पार्ल्याला यायची, तिची तिथं ठरलेली घरं होती. त्या घरांतली पोरं दप्तर घेऊन निघताना बघून तिनं हट्ट धरला की आपली पोरगीही तिथंच शिकणार. बाबा म्हणाले, गावात शाळा आहे ना. आई ऐकेना. रोज वेसाव्याहून अंधेरीपर्यंत बस, तिथून पुढं पायी. पुढं आई, तिच्या डोक्यावर टोपली, मागं मी.

शाळा एका बंगल्यात भरायची. मागच्या दोन खोल्यांत आमच्या बाई राहायच्या. पहिली आणि दुसरी त्यांच्याकडेच होती. आणि बाईंचं घर हे आईचं गिऱ्हाईक. मासे खाणारं घर होतं, आणि बाई मासळीतल्या दर्दी. आई मागच्या दारी टोपली उतरवायची. बाई यायच्या, पदर खोचायच्या, कल्ल्यात बोट घालून बघायच्या. कल्ला लाल नसला तर मासा परत टोपलीत. पाच-सहा मासे तरी असे उलटेपालटे करायच्या. नंतर हात धुवायच्या आणि तशाच वर्गात यायच्या.

बाईंची शिकवायची एक रीत होती, आणि रीत चांगली होती, हे मी आज शिक्षिका म्हणून सांगते. अक्षर फळ्यावर काढलं की त्या एकेका मुलाच्या मागे उभ्या राहायच्या. वाकून त्याची पेन्सिल धरलेली मूठ आपल्या मुठीत घ्यायच्या. पाटीवर अक्षर तीनदा गिरवायच्या आणि गिरवता गिरवता कानात त्याचा आवाज म्हणायच्या. म म म. हाताला वळण आणि कानाला आवाज, दोन्ही एकदम. मूल विसरायचं नाही.

माझ्यापाशी आल्या की थांबायच्या. पट्टीनं माझी पाटी टोकायच्या. "तू बघून काढ."

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मूठ धरायला हात पुढे केला होता आणि मागे घेतला होता. नाकाला पदर लावला. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शी! हिच्या हाताला मासळीचा वास येतो." मुलं हसली. तासाभरापूर्वी बाईंनी माझ्या आईच्या टोपलीतल्या पापलेटाच्या कल्ल्यात बोट घातलं होतं, ते मी बघितलं होतं. तेव्हा वास आला नव्हता.

दोन वर्षं मी बघून काढलं. अक्षर मला चित्रासारखं वाटायचं. कधी खालून सुरू करायची, कधी उजवीकडून. दिसायला बरोबर दिसायचं. पण त्याचा आवाज काय, ते माझ्या कानात कुणी म्हटलंच नव्हतं. सगळा वर्ग एका सुरात बाराखडी म्हणायचा, ती मला तोंडपाठ. का, कि, की, घडाघडा. मधलंच एक अक्षर कुणी दाखवलं की वाट लागली. मला वाटायचं, मी ठोंब्या आहे.

घरी आई सगळ्यांना सांगत सुटायची, माझी पोर वाचतंय. बोंबील बांधलेला कागद माझ्यापुढं धरायची. मी बाराखडीचाच कुठला तरी तुकडा तालात म्हणून दाखवायची. आईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

तपासणीच्या दिवशी आई मला सोडून पुढच्या घरांना गेली. बाईंनी मला मागं बोलावलं. परात दाखवली. म्हणाल्या, "साहेब आज आपल्याकडे जेवणार आहेत. तुझा हात चालतो ना? नीट साफ कर. आणि मी बोलावल्याशिवाय वर्गात यायचं नाही."

मला आनंद झाला. खरं सांगते. बाईंनी मला काम सांगितलं, याचा आनंद झाला. पंख कापले, कल्ले काढले. चौथ्या पापलेटावर होते तेव्हा ते वाक्य ऐकू आलं.

सात वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं लोक म्हणतात. मला सगळं कळलं. मला वाचता येत नाही हे बाईंना माहीत होतं. का येत नाही हेही माहीत होतं. साहेबांनी मला उभं केलं असतं तर बाईंची लाज गेली असती. म्हणून मला मोजलंच नव्हतं. माझे मासे तेवढे मोजले होते.

मी उठले. हात धुतले नाहीत. वळसा घालून वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मी आजारी नाय. मी मासं साफ करतंय."

बाईंचा चेहरा उतरला. साहेबांनी मला खालून वर बघितलं, फळ्यावरच्या ओळीकडे बोट केलं आणि म्हणाले, "ये. वाच."

मी फळ्यासमोर गेले. ओळ बघितली. काहीही कळलं नाही. शेवटी मी बाराखडी सुरू केली, आईपुढं म्हणायची तशी, तालात. मुलं खो खो हसली. साहेबही हसले.

"हिला कशाला ठेवलंय?" त्यांनी बाईंना विचारलं.

बाईंना हायसं वाटलेलं मी बघितलं. त्या म्हणाल्या, "यांच्यात शिकून कोण मोठं होतंय, साहेब? मासे मात्र सुरेख साफ करते."

साहेबांनी मान डोलावली. माझ्या हातावरचं रक्त तोवर वाळलं होतं.

आई मला घ्यायला आली तेव्हा मी रस्त्यातच सांगून टाकलं. मला वाचता येत नाय. कधीच येत नव्हतं. बाई माझा हात धरत नाय. आईनं टोपली खाली ठेवली. भर रस्त्यात बसली. मला वाटलं मारणार. तिनं माझे दोन्ही हात नाकाशी नेले आणि हुंगले. म्हणाली, "आपलाच वास हाय."

दुसऱ्या दिवशी ती मला शाळेत घेऊन गेली नाही. बाईंच्या मागच्या दारी घेऊन गेली. बाई पदर खोचून आल्या. बोट पुढे केलं. आईनं टोपलीवर फडकं ओढलं.

"बाय, ऱ्हाऊ द्या. तुमाला वास येतो."

"अगं, मुलांचं काय घेऊन बसलीस! सुरमई आहे का?"

"हाय. तुमाला नाय."

आणि आई निघाली. एवढंच बोलली, पण कोळणीनं घर सोडलं म्हणजे काय हे पार्ल्यातल्या बाईंना ठाऊक नव्हतं. आमच्यात प्रत्येकीची घरं ठरलेली. एकीच्या घरावर दुसरी टोपली उतरवत नाही. घर आईकडून मुलीकडे जातं, नाहीतर सुनेकडे. आईनं ते घर दुसरीला दिलं नाही, नुसतं बंद केलं. मग बाई दारात उभ्या राहून कुणालाही हाका मारोत, टोपली थांबायची नाही. मारल्या त्यांनी हाका. आई ऐकून यायची आणि घरी येऊन सांगायची. मी दोनदोनदा सांगायला लावायची. मला फार गोड लागायचं ते.

पण त्यानं मला वाचता येणार नव्हतं. ते शिकवलं वहिनीनं, माझ्या थोरल्या भावाच्या बायकोनं. ती चौथी झाली होती. आम्ही किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायचो. तिनं मला ओल्या वाळूत बसवलं आणि म्हणाली, "हात दे." माझं बोट धरलं आणि वाळूत ब काढला. कानात नाही, तोंडासमोर तोंड आणून म्हणाली, "माज्या ओठाकडं बघ. मिटलं ना? मिटून उघडलं की ब." तिच्या हाताला माझ्या हातासारखाच वास होता.

जोडाक्षरांना मी घाबरायची. तिनं दोन बोंबील उचलले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवला आणि जोडी दोरीवर टाकली. वाळत घालायची आमची रीतच ती, एकटा बोंबील दोरीवरून घसरतो. म्हणाली, "पयलं अक्षर अर्धं. तेचं तोंड दुसऱ्यात आडकवलंय. पयल्यावर थांबायचं नाय, दोघांना एका दमात घ्यायचं." दोनेक महिन्यांत मी होड्यांवरची नावं वाचायला लागले. मी ठोंब्या नव्हते. दोन वर्षं कुणी माझा हात धरला नव्हता, एवढंच झालं होतं.

त्या दिवशी माझ्या डोक्यात राग बसला तो उठलाच नाही. त्या रागावर मी गावातल्या म्युनिसिपालटीच्या शाळेतून सातवी केली, पुढं मॅट्रिक, पुढं डी.एड. केलं. नोकरी लागली ती गावच्याच शाळेत. मोठ्या बाईंनी विचारलं, कुठला वर्ग देऊ? म्हटलं, पहिली. सगळ्या हसल्या. पहिली कुणी मागून घेत नाही, नाकाला शेंबूड आणि खाली मुतणारी पोरं. मी म्हटलं, मला पहिलीच पाहिजे.

आई थकली तेव्हा तिनं आपली घरं वाटली. पार्ल्याची सगळी घरं वहिनीला दिली. एक मागं ठेवलं. ते मला दिलं. मी मासे विकत नव्हते, तरी दिलं. म्हणाली, "ह्ये तुजं. सांभाळ."

मला नोकरी लागून दुसरं वर्ष होतं. एका शनिवारी, शाळा सुटल्यावर, वर्गाच्या दारात एक म्हातारी आली. बरोबर सात वर्षांची मुलगी. स्वच्छ फ्रॉक, दोन वेण्या. म्हातारीनं नमस्कार केला.

"बाई, तुमचं नाव ऐकून आले. ही माझी नात. दुसरीत आहे, पण वाचता येत नाही. वर्गात साठ मुलं, कोण लक्ष देतंय? माझे हात आता कापतात. तुम्ही कुणालाही वाचायला लावता म्हणतात. तेवढे उपकार करा."

मला बाई म्हणाल्या. अहो-जाहो केलं. मी त्यांना पहिल्या शब्दाला ओळखलं होतं. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

पुष्कळ वर्षं मी या क्षणाची वाट बघितली होती. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. पहिलं हेच, की पोरीच्या मुठीकडे बघून नाकाला पदर लावायचा. तू बघून काढ. पदर हातात घेतलासुद्धा. पोरगी पाटी छातीशी धरून उभी होती. तिला वाटत होतं, आपण ठोंब्या आहोत. ते तोंड माझ्या ओळखीचं होतं. मी पदर सोडला. म्हातारीवर दया आली म्हणून नाही. माझं भांडण म्हातारीशी होतं; ते पोरीवर काढलं असतं तर म्हातारी सुटली असती.

मी म्हटलं, "शिकवीन. पण सकाळी मी घरचे मासे साफ करून शाळेत येते. हात धुतले तरी वास जात नाही. त्याच हातानं हिची मूठ धरणार. चालेल?"

"चालेल हो. त्यात काय!"

"पूर्वी चालत नव्हतं, बाई."

त्यांनी मान वर केली. मी म्हटलं, "पट बत्तीस, हजर एकतीस. तो एक आजारी होता ना, तो मी."

त्या भिंतीला टेकल्या. मग म्हणाल्या, "चुकलं माझं."

"ते नको मला. हजर किती होते ते सांगा."

"अगं, नात आहे समोर..."

"तेव्हा एकतीस मुलं होती समोर. हजर किती?"

"बत्तीस," त्या पुटपुटल्या.

"ऐकू आलं नाही."

"हजर बत्तीस," बाई म्हणाल्या. या वेळी मोठ्यानं. नात त्यांच्याकडे बघत राहिली.

मला वाटलं होतं, बरं वाटेल. थोडं वाटलं. पुरेसं नाही.

तीन महिने दर शनिवारी ती पोरगी आली. मी तिच्या मागे वाकून मूठ मुठीत घेतली, कानात आवाज म्हटला, ओठ दाखवले. जोडाक्षरांना बोंबील आणले आणि तिच्याच हातानं अडकवायला लावले. आजी व्हरांड्यात उभी राहायची. आत या म्हणून मी एकदाही म्हटलं नाही. खिडकी उघडी ठेवली होती, ऐकू यावं म्हणून.

पोरगी धडाधड वाचायला लागली त्या शनिवारी बाई दाराशी आल्या. डोळे पुसले. पेढ्याचा पुडा पुढे केला. मग म्हणाल्या, "आता झालंगेलं विसरू या. इतकी वर्षं बाजारात हेलपाटे घालतेय, तिथंही तुमच्या बायका तोंड फिरवतात. गुडघे राहिले नाहीत माझे. तुमच्यातल्या कुणाला तरी पाठव ना दारावर, पूर्वीसारखं."

पेढे मी पोरीच्या हातात दिले.

"बाई," मी म्हटलं, "तुमचं घर माझ्या आईचं होतं. तिनं ते माझ्या नावावर केलंय. दुसरी कुणी तिथं टोपली उतरवणार नाही, आणि मी येणार नाही. मला मुलगी झाली की हे घर तिला देईन, आणि का दिलं तेही सांगेन."

त्या नातीचा हात धरून फाटकाबाहेर गेल्या. मी वर्गात परत आले. सोमवारी माझ्याच वर्गाची तपासणी होती. पट एकेचाळीस. एका पोराला अजून ट आणि ठ कळत नव्हते. त्याचं बसकर मी मागच्या भिंतीपासून उचललं आणि पहिल्या रांगेत, साहेबांच्या खुर्चीसमोर घातलं.