आमच्या क्लबात वेटिंग रूम नाही

वागळे इस्टेटमध्ये दोन लेथ मशिनवर मी धंदा उभा केला. पण क्लबाची कल्पना सुचली ती एका जुन्या गोल्फ क्लबाच्या पोर्चमध्ये. एका मोठ्या गिऱ्हाइकाने जेवायला बोलावलं होतं, "फॅमिलीला घेऊन या" म्हणाला होता. बायको आणि सहा वर्षांची मुलगी नटूनथटून निघाल्या. दारात मॅनेजरने हात आडवा केला. "सर, लहान मुलं आत अलाउड नाहीत."

बायको म्हणाली, "तुम्ही जा. आम्ही बसतो इथे."

दोन तास त्या दोघी पोर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसल्या. निघताना मी मॅनेजरवर असा ओरडलो की वॉचमन धावत आला. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी तासभर अडकली, तेवढा वेळ माझं तोंड चालूच. बायको एवढंच म्हणाली, "हळू बोला, ती झोपलीय."

आज खडवलीजवळ माझा क्लब उभा राहतोय. नऊ होलचं छोटं मैदान. आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशात गेटजवळ वेटिंग रूम होती, ती मी लाल पेनाने खोडली. कुणाच्याही घरचं माणूस बाहेर थांबणार नाही, हा पहिला नियम. विटांपासून गवतापर्यंत प्रत्येक गोष्टीत मी घासाघीस केली, या नियमात केली नाही.

गेल्या महिन्यात बायकोला जागा दाखवायला नेलं आणि छाती फुगवून नियम सांगितला.

"आत आल्यावर आम्ही बसायचं कुठे?" तिने विचारलं.

"हॉल आहे ना."

"तिथून तुमचा खेळ दिसतो?"

"नाही."

"म्हणजे पोर्चच. एसी लावलेला."

माझं डोकं सटकलं. "अगं, त्या मॅनेजरच्या नाकावर टिच्चून हे सगळं तुमच्यासाठी केलं!"

"त्याच्यासाठी केलंत. आणि अहो, त्याने तुम्हाला आत ओढलं नव्हतं. तुम्ही गेलात."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली. ती पुढे चालू लागली; मी आणि सोबत आलेला आर्किटेक्ट तिच्या मागे.

मैदानाच्या टोकाला टेकाडावर एक आंबा आहे. तिथून सगळं दिसतं. नववा होल तिथेच ठरला होता. ती चप्पल काढून झाडाखाली बसली. "इथे नळ हवा, जवळ बाथरूम हवं. पोरांना लोळायला गवत आहेच. आणि घरून डबा आणला तर कुणी हटकायचं नाही."

"मॅडम, हा आपला सगळ्यात सुंदर होल आहे," आर्किटेक्ट कळवळला.

"म्हणूनच मागतेय."

मी सवयीने बोलून गेलो, "अर्धी जागा घे."

"दोन तास बसले होते मी. अर्धी कशी घेऊ?"

नववा होल खाली ओढ्याकडे गेला. आर्किटेक्ट अजून फुरंगटलेला आहे. त्या मॅनेजरवरचा माझा रागही गेलेला नाही, तो जाईल असं वाटत नाही. पण क्लब का काढला असं कुणी विचारलं, तर ती गोष्ट सांगताना 'आणि मी एकटा आत गेलो' हे आता मी गाळत नाही.